तारांसकट काढलेला फोटो

दिवाळीच्या सुट्टीत मी थारच्या वाळवंटात एकटाच गाडी घेऊन फिरून आलो, हे कळल्यापासून शाळेत आणि मोहल्ल्यात दोनच प्रश्न विचारले जातात. एकट्याला भीती नाही वाटली? आणि वाळवंटात बघण्यासारखं असतं तरी काय?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. सोलापूरहून जोधपूरपर्यंत रेल्वेने गेलो, तिथे गाडी भाड्याने घेतली. रात्री गाडी चालवणार नाही असं अम्मीला कबूल केलं होतं, ते पाळलं. पेट्रोल अर्ध्यावर आलं की पंप गाठायचा, पाण्याचे दोन कॅन भरलेले ठेवायचे, मगरिबनंतर घरी फोन करायचा. जनावरं बघायची असतील तर एकटं असणं बरंच. सोबत चौघं असली की कुणाला चहा हवा असतो, कुणाला पुढे जायची घाई असते. रस्त्याकडेला चिंकारा दिसला म्हणून गाडी बंद करून अर्धा तास गप्प बसायला कोण तयार होणार?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र सविस्तर द्यावं लागेल.

फलोदीजवळ खीचन नावाचं गाव आहे. हिवाळ्यात तिथे कुरजां येतात. करकोच्यांतली ही सर्वांत लहान जात, थेट मंगोलिया आणि मध्य आशियातून येणारी. गावातल्या जैन मंडळींनी त्यांना दाणा घालायची रीत सुरू केली, ती आजही चालू आहे. सकाळी हजारो पक्षी एका आवारात उतरतात तेव्हा शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. इथे फोटो काढणं सोपं आहे. घराच्या गच्चीवरूनही निघतात.

पुढे पोखरण ओलांडून जैसलमेरकडे निघालं की कसोटी लागते. माणूस पायी दिसला की जनावर पळतं, गाडीला तेवढं बिचकत नाही. म्हणून खाली उतरायचं नाही, काच खाली करून खिडकीतूनच फोटो घ्यायचा. बेगमने जुन्या कुर्त्याच्या कापडाची छोटी उशी शिवून तिच्यात तांदूळ भरून दिले होते. खिडकीवर ती ठेवून तिच्यावर लेन्स टेकवली की हात हलत नाही. वाळवंटी खोकड मिळालं ते असंच, बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसलेलं. सांडाही पाहिला. आपल्याकडे बाजारात ज्याचं तेल विकायला बसतात, तोच हा गरीब सरडा. झाडपाला खातो आणि रात्री बिळाचं तोंड मातीने बंद करून झोपतो. तेलाने सांधे बरे झालेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

पण मी गेलो होतो माळढोकासाठी. आमच्या जिल्ह्यात नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं. विद्यार्थ्यांना घेऊन मी तिथे अनेकदा गेलो. काळवीट दिसले, लांडगा दिसला, माळढोक कधीच नाही. राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात, तो त्या राज्याचा पक्षी आहे. देशभरात मिळून दीडशेही उरलेले नाहीत आणि त्यांतले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात आहेत.

डेझर्ट नॅशनल पार्क ३,१६२ चौरस किलोमीटरचं. सुदासरीला वनखात्याची परवानगी काढून आत गेलो. सेवण गवतात तीन पक्षी होते, मीटरभर उंच, मान ताठ करून सावकाश चालणारे. फार लांब. फोटोत नखाएवढे आले. त्याहून जवळ जायचं नाही, कारण मादी बहुधा एकच अंडं घालते आणि तेही उघड्या जमिनीवर.

बाहेर आल्यावर आकाच्या झुडपांजवळ असरची नमाज पढलो. तिथे बकऱ्या चारणारे एक सिंधी चाचा भेटले. म्हणाले, "मास्टरसाहेब, पूर्वी गोडावण आमच्या बकऱ्यांच्या मागेमागे यायचा, गवतातून उडणारे टोळ टिपायला. आता आम्ही वर बघतो तर तारा." त्यांनी बोट दाखवलं. पवनचक्क्या, सौरऊर्जेचे प्रकल्प आणि तिथून निघालेल्या विजेच्या तारा, क्षितिजापर्यंत.

माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, समोरचं त्याला कमी दिसतं. नराचं वजन पंधरा किलोपर्यंत जातं. तार दिसेपर्यंत उशीर झालेला असतो आणि एवढा जड पक्षी ऐनवेळी वळू शकत नाही. वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाच्या अंदाजानुसार थारमधल्या सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर भागात तारांमुळे वर्षाला ८४,००० पक्षी मरतात, सगळ्या जातींचे मिळून. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. एवढ्या मोठ्या भागात ते व्यवहार्य नाही, असं म्हणून मार्च २०२४ मध्ये तो बदलला आणि तज्ज्ञांची समिती नेमली. सममध्ये अंडी उबवून पिल्लं वाढवण्याचं केंद्र आहे. तिथे ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. काम मोठं आहे, यात शंका नाही. पण वाढलेली पिल्लं उद्या उडणार त्याच आकाशात.

वीज नको असं मी म्हणणार नाही. सूर्याची वीज कोळशाच्या विजेपेक्षा कधीही बरी. मात्र पक्ष्यांचा वावर आहे तेवढ्या पट्ट्यातला खर्च आपण सगळ्यांनी मिळून उचलायला हवा, असं मला वाटतं.

फोटो काढणारे आम्ही लोक तारा चौकटीबाहेर ठेवतो, नाहीतर घरी येऊन पुसून टाकतो. मग बघणाऱ्याला वाटतं, तिकडे सगळं छान आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी एक माळढोक उडाला, त्याच्यामागे दोन तारा आडव्या आल्या. तो फोटो मी तसाच ठेवलाय. नववीच्या वर्गात लावला तेव्हा एका मुलीने विचारलं, "सर, तो वरून गेला की खालून?" खालून गेला.

कुणाला जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. थंडी कडक असते, गरम कपडे घ्या. सरहद्द जवळ आहे, एकटा माणूस आणि मोठी लेन्स दिसली की चौकशी होणारच. ओळखपत्र आणि परवानगीचा कागद हाताशी ठेवा. कसरची सवलत आहे, नमाजसाठी जागेची कमी नाही.