घोरणें ही गाढ झोंपेची खूण नव्हे

मधुमेहाविषयीं सुशिक्षित कुटुंबांत आतां पुष्कळ जागृति झाली आहे. चहांत साखर किती, ताटांत भात किती, रक्तपरीक्षा कोणत्या महिन्यांत, याचा हिशेब घरोघर ठेवला जातो. परंतु या हिशेबांत रात्रीचे सात-आठ तास कोणी धरीत नाहीं. घरांतील वडील माणूस अंथरुणावर पडून घोरूं लागलें, कीं "बरें झालें, गाढ झोंप लागली," असें म्हणून बाकीचीं माणसें निश्चिंत होतात. मधुमेह्याच्या बाबतींत ही निश्चिंति महागांत पडते.

सर्वच घोरणें रोगाचें नसतें. एका लयींत चालणारें घोरणें बहुधा शेजारच्याचीच झोंप मोडतें. भय आहे तें मध्येंच थांबणाऱ्या घोरण्याचें. आवाज चढत जातो आणि एकाएकीं बंद होतो. छाती-पोट हालत असतें, पण नाकातोंडांतून वारा जात नाहीं. दहा, वीस, कधीं तीस सेकंद अशी स्तब्धता राहते. मग मोठा हिसका बसून श्वास पुन्हा सुरू होतो. निजलेल्याला याची वार्ताही नसते. या विकारास डॉक्टर 'स्लीप ॲप्निया' म्हणतात. आपण त्यास निद्राश्वासरोध म्हणूं. झोंपेंत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागें सरकते आणि श्वासाची वाट मिटते. असे अडथळे तासाला पांचांहून कमी असल्यास चिंता नाहीं. पांच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम आणि तिसांपुढें तीव्र रोग समजतात.

याचा साखरेशीं संबंध काय? श्वास अडला म्हणजे रक्तांतील प्राणवायु उतरतो. शरीर संकटकाळचीं द्रव्यें रक्तांत सोडतें, यकृत सांठविलेली साखर बाहेर काढतें, आणि इन्शुलिनचा प्रभाव मंदावतो. त्यामुळें रात्रीं पथ्यानें जेवलेल्या माणसाचीही सकाळची साखर चढलेली सांपडते आणि बिचाऱ्यावर चोरून पेढा खाल्ल्याचा आळ येतो! रात्रीं लघवीस वारंवार उठावें लागणें हें सर्वजण साखरेच्या खातीं मांडतात; तें पुष्कळदां या श्वासरोधाचेंही लक्षण असतें. सकाळीं डोकें जड होणें, तोंड कोरडें पडणें, औषध घेऊनही रक्तदाब न उतरणें, वर्तमानपत्र वाचतां वाचतां किंवा कीर्तनांत डुलकी लागणें, हीं दुसरीं लक्षणें. अशा माणसास आळशी म्हणून हिणवूं नये.

ही कांहीं परदेशांतलीच गोष्ट नव्हे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयांत डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी करून २००४ सालीं ती प्रसिद्ध केली. झोंपेंत श्वास अडण्याचा दोष शेंकडा १९.५ जणांत, आणि त्याच्या जोडीस दिवसाची झोंप शेंकडा ७.५ जणांत असावी, असा त्यांचा अंदाज निघाला. या दोषाशीं निगडित अशा ज्या मुख्य गोष्टी त्यांस आढळल्या, त्यांत शरीराची स्थूलता आणि मानेचा घेर यांच्या बरोबरीनें मधुमेह होता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील एकविसाव्या अध्यायांत अतिस्थूलता आणि निद्रा यांचा विचार एकत्रच केला आहे, हेंही येथें लक्षांत घेण्याजोगें आहे.

आतां उपायांकडे वळूं. १९८१ पूर्वीं तीव्र रोग्याच्या गळ्यास छिद्र पाडण्यावांचून खात्रीचा इलाज नव्हता. त्या वर्षीं सिडनीच्या कोलिन सलिव्हन यांनीं नाकावाटे हवेचा मंद दाब देऊन घसा उघडा ठेवण्याची युक्ति प्रसिद्ध केली. तेंच हल्लींचें 'सीपॅप' यंत्र. त्यानें घोरणें थांबतें, दिवसाची ग्लानि जाते, रक्तदाबही थोडा उतरतो. मात्र यंत्र लावलें म्हणजे मधुमेह बरा झाला, असें समजूं नये. साखरेवरील त्याच्या परिणामाविषयीं संशोधकांचे निष्कर्ष एकसारखे नाहींत; शिवाय दोन तास लावून काढून ठेवणाऱ्यास त्याचा पुरता लाभ कसा मिळावा? पहिले आठ-पंधरा दिवस मुखवटा जाचतो. तेवढ्यावरून यंत्र कपाटांत न टाकतां मुखवट्याचें माप बदलून घ्यावें. सौम्य व मध्यम रोगांत खालचा जबडा पुढें धरणारी, दंतवैद्यानें बसविलेली पट्टीही कित्येकांस पुरते.

मुळावर घाव घालणारा उपाय म्हणजे वजन उतरविणें. अमेरिकेंत स्थूल मधुमेही अशा २६४ श्वासरोग्यांवर झालेला एक प्रयोग २००९ सालीं प्रसिद्ध झाला. आहार-व्यायामाची कसून शिकवण मिळालेल्यांचें वजन वर्षभरांत सरासरी १०.८ किलो उतरलें, आणि रोग नाहींसा झालेल्यांचें प्रमाण इतरांच्या तिपटीहून अधिक भरलें. टिर्झेपाटाइड या मधुमेहावरील औषधास डिसेंबर २०२४ मध्यें अमेरिकेंत स्थूल माणसांच्या श्वासरोधासाठींही मान्यता मिळाली. पण ज्या प्रयोगांवरून ती मिळाली त्यांत मधुमेही रोगी घेतलेले नव्हते, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून त्याच्या वाटेस जाऊं नये. वजन उतरूं लागल्यावर इन्शुलिनची मात्रा वेळेवर कमी केली नाहीं, तर साखर धोक्याइतकी खालीं जाते, याचेंही भान ठेवावें. कुशीवर निजावें, मद्य वर्ज्य करावें, आणि झोंपेची गोळी मनानें घेऊं नये, कारण मद्यानें व अशा कित्येक गोळ्यांनीं घसा अधिकच सैल पडतो.

या रोगाचा पहिला परीक्षक डॉक्टर नसून घरचें माणूस आहे. एकत्र कुटुंबांत असे परीक्षक पुष्कळ! आमच्या दारव्ह्याकडे उन्हाळ्यांत गच्चीवर ओळीनें अंथरुणें पडतात, तेव्हां कोणाचा श्वास कसा चालतो हें साऱ्या घरास ऐकूं येतें. तें हंसण्यावारी न नेतां दोन-तीन रात्रीं घड्याळ धरून टिपावें आणि तो कागद डॉक्टरांपुढें ठेवावा. आमच्यासारख्यांस यवतमाळचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुमारें चाळीस किलोमीटरांवर आहे. निद्रापरीक्षेची सोय कोठें होईल याची चौकशी तेथून आरंभावी.

आणि घरांतील स्त्रियांस विसरूं नये. बाई घोरते हें सांगण्याची घराला लाज वाटते, आणि तिच्या थकव्यास कामाचें कारण आयतेंच असतें. पुष्कळ स्त्रियांत हा रोग घोरण्यापेक्षां थकवा आणि निद्रानाश याच रूपानें प्रकट होतो; पाळी गेल्यावर त्याचा संभवही वाढतो. ज्या माउलीची साखर औषधानेंही आटोक्यांत येत नाहीं आणि जी सकाळीं उठतांना थकलेलीच असते, तिच्या उशाशीं एक रात्र कान देऊन बसावें. औषधाची मात्रा वाढविण्यापूर्वीं एवढें केलें पाहिजे.