सेवा कोणाची, आधार कोणाला?

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत राज्यकर्त्या वर्गाने समाजसेवेच्या क्षेत्रात एक नवे सूत्र रूढ केले आहे. सरकारने स्वतः सेवा चालवू नये; सेवा पुरविणाऱ्यांना वेळेवर माहिती द्यावी, आवश्यक तो आधार द्यावा आणि बाजूला व्हावे, असे हे सूत्र आहे. ऐकावयास ते निरुपद्रवी वाटते. माहितीला आणि आधाराला कोण विरोध करील? परंतु या सूत्रातील ‘पुरविणारा’ कोण, असे विचारताच त्याचे खरे स्वरूप उघड होते. पंगू वृद्धाला अंथरुणातून उठविणारी, त्याला आंघोळ घालणारी, रात्री त्याच्या उशाशी बसणारी बाई सेवा पुरविते, की तिला कामावर ठेवणारी कंपनी? या सूत्राच्या पुरस्कर्त्यांच्या कोशात पुरवठादार म्हणजे कंपनी. त्या बाईचे नाव त्यांच्या कोशात खर्चाच्या रकान्यात येते.

या सूत्राचा परिणाम काय होतो हे पाहावयाचे असेल, तर इंग्लंडकडे पाहावे. वृद्ध, अपंग व मनोरुग्ण प्रौढांच्या सांभाळाची जबाबदारी १९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याने तेथील स्थानिक कौन्सिलांवर टाकली. अन्युरिन बेव्हन यांच्या मजूर पक्षीय पिढीने दरिद्रालयांची अमानुष परंपरा मोडून काढण्यासाठी तो कायदा केला होता. मात्र वैद्यकीय सेवा सर्वांना मोफत झाली आणि हा सांभाळ मात्र ऐपत तपासून देण्याची बाब राहिली. ही फट पुढे बाजारवाद्यांना उपयोगी पडली. थॅचर सरकारने या क्षेत्राच्या फेरविचाराचे काम सोपविले ते सेन्सबरी या दुकानसाखळीतील एक संचालक सर रॉय ग्रिफिथ्स यांच्याकडे. त्यांचा अहवाल १९८८ मध्ये आला, १९९० मध्ये कायदा झाला आणि १९९३ पासून तो पूर्णपणे अंमलात आला. केंद्राकडून कौन्सिलांकडे वळविलेल्या रकमेपैकी ८५ टक्के रक्कम कौन्सिलांबाहेरील संस्थांवरच खर्च केली पाहिजे, अशी अट घालण्यात आली. म्हणजे जी बाजारपेठ आपोआप उगवते असे सांगितले जाते, ती येथे सरकारी पैशाने आणि सरकारी सक्तीने लावली गेली.

तिची फळे २०११ मध्ये दिसली. सदर्न क्रॉस ही त्या देशातील सर्वांत मोठी वृद्धनिवास कंपनी होती. सुमारे ३१,००० वृद्ध तिच्या छपराखाली राहत होते. ब्लॅकस्टोन या अमेरिकन गुंतवणूक संस्थेने ती २००४ मध्ये ताब्यात घेतली, २००६ मध्ये तिचे भाग बाजारात आणले आणि नफा पदरात पाडून त्यातून अंग काढून घेतले. इमारती परक्या मालकांच्या हाती गेल्या आणि कंपनीच्या गळ्यात उरले ते दरवर्षी वाढणारे भाडे. कौन्सिलांचे अनुदान आटताच कंपनी कोसळली. त्या वृद्धांना कोण सांभाळणार, हा प्रश्न अखेर सरकारच्याच दारी आला. नफा खाजगी आणि धोका सार्वजनिक, या जुन्या समाजवादी टीकेला याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

यातून शहाणपण आले काय? २०१४ च्या शुश्रूषा कायद्याने कौन्सिलांवर दोन कर्तव्ये घातली. एक, पुरवठादारांची बाजारपेठ नीट चालेल असे पाहणे. दोन, पुरवठादार बुडाल्यास तेथील माणसांची तात्पुरती सोय करणे. मोठ्या कंपन्यांच्या आर्थिक प्रकृतीवर नजर ठेवण्याचे काम २०१५ पासून राष्ट्रीय नियामक आयोगाकडे आले. कंपनी बुडू लागली की कौन्सिलांना आधी सूचना मिळावी, ही त्यामागील योजना. पण कंपनी बुडू नये म्हणून भाड्याचे, कर्जाचे आणि नफ्याचे व्यवहार आवरावे, हा अधिकार कोणालाच दिला नाही. तेव्हा २०१९ मध्ये फोर सीझन्स ही दुसरी बलाढ्य कंपनी प्रशासकांच्या हाती गेली, यात नवल नव्हते. पूर आल्यावर वर्दी देणारा चौकीदार नेमला म्हणजे धरण बांधले असे होत नाही.

माहितीच्या बाबतीत या व्यवस्थेची खरी परीक्षा २०२० च्या साथीत झाली. वृद्धनिवासांत संसर्ग होण्याची शक्यता फारच कमी आहे, असे सरकारी आरोग्यखात्याने २५ फेब्रुवारी २०२० च्या सूचनेत सांगितले. ती सूचना तीन आठवड्यांच्या आतच मागे घ्यावी लागली. १७ मार्चपासून रुग्णालये रिकामी करण्याचा हुकूम सुटला आणि १५ एप्रिलपर्यंत सुमारे २५,००० माणसे वृद्धनिवासांत पाठविली गेली. त्यांना संसर्ग नाही असा दाखला आवश्यक नाही, असे २ एप्रिलचे मार्गदर्शन सांगत होते. हे धोरण बेकायदेशीर होते, असा निर्णय तेथील उच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला. सूचनांचा पाऊस पडत होता. परंतु जिच्या हाताने वृद्धाला घास भरविला जात होता, तिला विचारण्याची कोणाला गरज वाटली नाही. माहिती वरून खाली हुकमाच्या रूपात येते आणि खालून वर तक्त्यांच्या रूपात जाते. कामगाराचा अनुभव या दोन्ही वाटांवर कोठेच भेटत नाही.

आधाराची कथा निराळी नाही. आजारी पडलेल्या सेविकेने घरी राहावे, असा उपदेश होता. पण घरी राहिल्यास तिला आठवड्याला ९५ पौंड ८५ पेन्स एवढाच कायदेशीर आजारभत्ता मिळे. कित्येकींच्या नेमणुकीत कामाच्या तासांचीच हमी नव्हती. अशा स्थितीत ताप लपवून कामावर जाणारीला दोष कोण देईल? मे महिन्याच्या मध्यास सरकारने ६० कोटी पौंडांचा निधी जाहीर केला आणि विलगीकरणात राहणाऱ्या सेविकांना नेहमीचे वेतन मिळावे, हा त्याचा एक उद्देश ठरविला. सरकारने मनात आणले तर मदत थेट वेतनाशी बांधता येते, हे यावरून सिद्ध झाले. मग तो नियम संकटापुरता अपवाद का राहावा?

यावर एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो. सारे चालक धनको नाहीत. दहा-वीस वृद्धांचा सांभाळ करणारी लहान निवासगृहेही आहेत आणि कौन्सिल देते त्या दरात त्यांचा खर्च भागत नाही. हे खरे आहे. अशा चालकांना सुबोध सूचना, वेळेवर पैसे आणि परवडणारा दर मिळालाच पाहिजे. पण म्हणूनच लहान चालक आणि भाडेखाऊ कंपनी यांना ‘पुरवठादार’ या एकाच नावाखाली बांधू नये. पहिल्याची अडचण पुढे करून दुसऱ्याची तिजोरी भरणे, हेच आजवर झाले आहे.

या व्यवस्थेचा विळखा भारतापर्यंतही पोहोचला. तेथील तुटपुंज्या वेतनावर स्थानिक माणसे टिकेनात, तेव्हा फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी सेविकांना परवाने खुले झाले. त्यांत भारतीयांची संख्या मोठी होती. परवाना मालकाशी बांधलेला. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात गैरवर्तनामुळे ४७० हून अधिक मालकांची परदेशी कामगार आणण्याची अनुज्ञा रद्द झाली आणि त्यांच्याशी निगडित ३९,००० कामगार अधांतरी लोंबकळले. अपराध मालकाचा, शिक्षा कामगाराला. जुलै २०२५ मध्ये परदेशातून नवी भरती बंद झाली. वेतनाचा प्रश्न तसाच उरला. २०२५ च्या कायद्याने या क्षेत्रासाठी वेतन-वाटाघाटींचे मंडळ स्थापण्याची तरतूद केली आहे, ती स्वागतार्ह आहे. पण सरकारने स्वच्छेने हाती घेतली नसती, तर ती कामगार संघटनांच्या रेट्याशिवाय आलीच नसती.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांनी यातून काय घ्यावे? मुंबई-पुण्यात आज घरोघरी वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या बायका ब्यूरोमार्फत येतात. बारा तासांची पाळी, दलालाची कपात, ना रजा ना विमा. उद्या सरकार या क्षेत्रात पैसा ओतू लागेल, तेव्हा ब्यूरोचा मालकच ‘पुरवठादार’ म्हणून पुढे होईल. त्याला उत्तर इंग्लंडहून आणावयास नको. १९६९ च्या माथाडी कायद्याने याच राज्यात मालक आणि हमाल दोघांची मंडळात नोंदणी केली, मजुरी मंडळामार्फत देण्याची सोय केली आणि भविष्यनिर्वाह निधी हमालाच्या नावे जमा केला. मालक बदलला तरी हमालाचा हक्क बुडत नाही, हे त्याचे मर्म आहे. शुश्रूषा करणाऱ्या बाईसाठी असेच त्रिपक्षीय मंडळ हवे. सार्वजनिक पैसा घेणाऱ्या प्रत्येक संस्थेचे हिशेब खुले हवेत. आणि सरकारी सूचना तिच्या भाषेत तिच्या हाती पडली पाहिजे, तिचे म्हणणे मंडळात ऐकले गेले पाहिजे. पुरवठादारांच्या पंगतीत पहिले पान तिचे आहे. ते मागण्याची चळवळ ब्यूरोवाले संघटित होण्यापूर्वीच उभी राहिली पाहिजे.