मूठभर राखेचे मोल

ऑस्ट्रेलियात झालेली २०२५-२६ ची ॲशेस मालिका यजमानांनी ४-१ अशी जिंकली. पर्थचा पहिला कसोटी सामना दोन दिवसांत संपला आणि मेलबर्नचा चौथा सामनाही दोनच दिवसांत आटोपला. पाच दिवसांचा शिधा बांधून यात्रेला निघालेल्या भाविकाने दुसऱ्या मुक्कामालाच देवळाचे दार बंद झालेले पाहावे, तशी स्थिती सातासमुद्रांपलीकडून आलेल्या इंग्लिश प्रेक्षकांची झाली. त्यातल्या त्यात मेलबर्नला त्यांचा संघ जिंकला, हेच काय ते समाधान. जानेवारी २०११ नंतर ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर इंग्लंडला मिळालेला हा पहिला कसोटी विजय. मधल्या काळात तेथे झालेल्या अठरा सामन्यांत विजयाचे एकदाही दर्शन नाही. आणि तरीही दर खेपेस ही मंडळी पदरमोड करून येतात, उन्हात भाजून निघतात, गातात, हरतात आणि पुन्हा यावयाचे ठरवून परत जातात!

या भक्तीला काय म्हणावे? वेड म्हणावे, तर ते सव्वाशेहून अधिक वर्षे टिकले कसे? निष्ठा म्हणावी, तर तिला फळ कोणते? आमच्या मते या प्रश्नांचे उत्तर मालिकेच्या नावातच दडलेले आहे. आणि ते आपणही समजून घेण्याजोगे आहे.

२९ ऑगस्ट १८८२ रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लंडला विजयासाठी अवघ्या ८५ धावा हव्या होत्या. स्पॉफर्थच्या गोलंदाजीपुढे तो बलाढ्य संघ ७७ धावांत कोसळला आणि सामना ७ धावांनी गेला. त्या उत्कंठेत एका प्रेक्षकाने आपल्या छत्रीची मूठ कुरतडून काढली, अशी आख्यायिका आहे. यानंतर इंग्लंडने काय केले? पंचांस दोष दिला नाही, खेळपट्टीच्या नावाने बोटे मोडली नाहीत. ‘स्पोर्टिंग टाइम्स’ या पत्राने इंग्लिश क्रिकेटच्या निधनाची वार्ता छापली आणि दहनानंतर राख ऑस्ट्रेलियास नेण्यात येईल, असे थट्टेने जाहीर केले. त्याच हिवाळ्यात आयव्हो ब्लाय संघ घेऊन ती ‘राख’ आणावयास निघाला. मेलबर्नजवळ काही स्त्रियांनी त्याला मातीचे एक चिमुकले पात्र विनोदाने भेट दिले. त्यांतील फ्लॉरेन्स मॉर्फी हिच्याशी ब्लायने १८८४ साली विवाह केला. राख आणावयास गेलेला कर्णधार अखेर गृहलक्ष्मीही घेऊन आला! ते पात्र आज लॉर्ड्सच्या संग्रहालयात आहे. त्याची उंची वीतभरही नाही. जगातील एका थोर क्रीडास्पर्धेचे मानचिन्ह हे सोन्याचांदीचे नसून हरलेल्यांनी स्वतःचीच उडविलेली थट्टा आहे, हे आमच्या वाचकांनी मनावर घ्यावे. ज्याला स्वतःच्या पराभवावर हसता येते, त्याचीच निष्ठा दीर्घायुषी होते.

ती निष्ठा रात्री जागविते. १९३८ साली ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडमध्ये खेळत असता सिडनीच्या नभोवाणी केंद्रात समालोचक इंग्लंडहून येणाऱ्या तारा वाचून, जणू डोळ्यांपुढे खेळ चालला आहे असे वर्णन करीत. लाकडावर पेन्सिल आपटून चेंडू-फळीचा आवाज काढीत. सारे नाटक आहे हे श्रोत्यांस ठाऊक होते. तरी मध्यरात्र उलटेपर्यंत घरोघर दिवे जळत. आपल्याकडेही हिवाळ्याच्या पहाटे, घरातील इतर मंडळी जागी होऊ नयेत म्हणून आवाज लहान करून, रेडिओच्या खरखरीतून मेलबर्न आणि सिडनीचे शब्द वेचणारी पिढी होती. आम्ही त्या पिढीतलेच. दोन परक्या संघांच्या झुंजीसाठी आम्ही झोप का मोडीत होतो, असे आज कोणी विचारील. कोणाचाही पक्ष न घेता खेळावर प्रेम करण्याचे पहिले धडे आम्हांस त्या खरखरीतूनच मिळाले.

मात्र या इतिहासात सारेच गोमटे आहे, असे नव्हे. १९३२-३३ ची ‘बॉडीलाइन’ मालिका आठवावी. इंग्लंडचा कर्णधार डग्लस जार्डिन हा जन्माने मुंबईकर. ब्रॅडमनला रोखण्यासाठी त्याने फलंदाजांच्या देहावर मारा करण्याची नीती अवलंबिली. ॲडलेडला लारवुडचा चेंडू वुडफुलच्या छातीत बसला, पुढे ओल्डफील्डच्या डोक्यास इजा झाली, आणि दोन्ही देशांच्या मंडळांमध्ये तारांचे युद्ध पेटले. जार्डिनच्या त्या क्षेत्ररचनेत उभे राहण्यास नकार देणारा, सिडनीला शतक ठोकलेला खेळाडू म्हणजे पतौडीचे नवाब इफ्तिकार अली खान, हे आपण अभिमानाने स्मरले पाहिजे. परंतु आमच्या मते त्या मालिकेतील खरी गोष्ट निराळीच आहे. अखेरच्या सामन्यात सिडनीला तोच लारवुड फलंदाजीस आला आणि ९८ धावा काढून बाद झाला, तेव्हा ज्या प्रेक्षकांनी महिनोन्महिने त्याला शिव्याशाप दिले होते, त्यांनीच उठून टाळ्यांचा कडकडाट केला. मायदेशाने पुढे त्याला कसोटीत पुन्हा खेळविले नाही. १९५० साली तो ऑस्ट्रेलियातच जाऊन राहिला आणि १९९५ साली सिडनीतच त्याने देह ठेवला. शत्रूच्या घरी शेवटचा आसरा मिळावा, याहून मोठे प्रशस्तिपत्र त्या घराला कोणते?

इंग्लंडनेही हे ऋण फेडले आहे. १४ ऑगस्ट १९४८ रोजी ओव्हलवर इंग्लंडचा संघ ५२ धावांत गारद झाला. त्याच दिवशी ब्रॅडमन आपल्या शेवटच्या कसोटीत खेळावयास उतरला. घरच्या संघाची नाचक्की डोळ्यांनी पाहिलेले प्रेक्षक त्याच्यासाठी उभे राहिले. इंग्लंडच्या खेळाडूंनी त्याचा जयजयकार केला. दुसऱ्याच चेंडूवर हॉलिसने त्याचा त्रिफळा उडविला. केवळ ४ धावांनी शंभराची सरासरी हुकली, ९९.९४ वर थांबली. आणि ती हुरहूर इंग्लंडच्या प्रेक्षकांनाही लागली.

आणि मेलबर्नची ती सकाळ! ३० डिसेंबर १९८२. ऑस्ट्रेलियाची अखेरची जोडी मैदानात, विजयास ३७ धावा हव्या. पहिल्याच चेंडूवर खेळ संपला असता. मैदानात प्रवेश मोफत होता, पण अठरा हजार माणसे आपला कामधंदा टाकून आली ती काय फुकटच्या मोहाने? बॉर्डर आणि थॉमसन यांनी एकेक धाव जोडली, आणि अखेर इंग्लंडचा विजय झाला तो ३ धावांनी. ते प्रेक्षक पराभव पाहून घरी गेले. परंतु रिक्त हस्ते गेले, असे कोण म्हणेल?

या परंपरेला डाग लागला तो २ जुलै २०२३ रोजी, आणि तोही लॉर्ड्सवर. चेंडू मृत झाला या समजुतीने बेअरस्टो क्रीज सोडून चालू लागला आणि यष्टिरक्षक कॅरीने यष्ट्या उडविल्या. नियमाने तो बाद होता. खिलाडूपणाचा वाद खुशाल घालावा. पण ज्या क्लबाकडे क्रिकेटच्या नियमांचे पालकत्व आहे, त्याच्याच दिवाणखान्यात त्याच्याच सभासदांनी पाहुण्या खेळाडूंवर अपशब्दांची सरबत्ती करावी, ही लाजिरवाणी गोष्ट होती. क्लबाने क्षमा मागितली, तिघा सभासदांस निलंबित केले. ज्या वास्तूत ती राख जपून ठेवली आहे, त्याच वास्तूत तिचा अर्थ विसरला गेला. शिक्षण, वंश, उंची पोशाख यांपैकी काहीही माणसास पराभव पचवावयास शिकवीत नाही, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

दुसऱ्याच्या अंगणातील केर दाखविताना आपला उंबरठाही पाहावा. मार्च २००६ मध्ये इंग्लंडविरुद्धच्याच सामन्यात, आमच्याच वानखेडेवर, एका अपयशी डावासाठी सचिन तेंडुलकरची हुर्यो उडविण्यात आली. जो आपल्या लाडक्याचे अपयश एक दिवस सोसू शकत नाही, तो प्रतिपक्षाच्या यशाला टाळी कशी देणार? आम्ही शाळेत शिकवीत असता मुलांना सांगत असू, की आपला गडी बाद झाल्यावर तुम्ही काय करता, त्यावरून तुमची परीक्षा होते. आज मोठ्यांनाही आम्ही तेच सांगतो. विजयाच्या मिरवणुकीत कोणीही नाचतो. हरूनही पुढच्या सामन्याला येणारा, आणि येताना प्रतिपक्षासाठीही दोन टाळ्या राखून ठेवणारा, तोच खरा रसिक होय. खेळ त्याच्या बळावर जगतो. बाकी सारी गर्दी.