वळचणीचे खिळे

दिवाळी जवळ आली की आमच्या दांडिया बाजारातील आणि रावपुऱ्यातील जुन्या घरांवर विजेच्या माळा चढू लागतात. दृश्य मोठे रमणीय असते, हे मी नाकारीत नाही. परंतु आज मला लिहावयाचे आहे ते त्या माळांविषयी नव्हे, तर ज्याच्यावर त्या टांगल्या जातात त्या छपराविषयी; आणि तेही जाणकार म्हणून नव्हे, हातून चूक घडलेला एक गायनमास्तर म्हणून.

२०२२ सालच्या दिवाळीत मी स्वतः शिडी लावून आमच्या घराच्या वळचणीच्या फळीवर वीसएक खिळे ठोकले. शिडी टेकवली तीही थेट कौलांवर. माळ आढ्यापर्यंत न्यावी असा मोह झाला, तेव्हा कौलांवर पाय देऊन वरही गेलो. माळ झकास लागली. शेजारपाजारच्यांनी तोंड भरून स्तुती केली. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, आणि जूनमधल्या पहिल्या मोठ्या सरीत माझ्या शिकवणीच्या खोलीतील भिंतीवरून पाणी उतरले. त्या भिंतीशी वडिलांचे दोन मिरजेचे तंबोरे असतात. वडील दरबारचे गवई. मी त्यांचा उतारवयातला मुलगा, त्यामुळे दरबार काही पाहिला नाही. बडोदे संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले. माझ्या वाट्याला आले ते तंबोरे आणि हे छप्पर. एका तंबोऱ्याचा भोपळा रात्रभर भिजला आणि सरसाने जोडलेला सांधा उकलला.

कौले शाकारावयास जो म्हातारा कारागीर येतो, त्याने वर चढून तीन कौले खाली आणून माझ्या पुढ्यात ठेवली. तिन्हींना मधोमध केसाएवढी चीर. मला काही बोलला नाही. फक्त माझ्या पायांकडे पाहिले.

मंगळुरी कौलाची रचना समजून घेतली की हा प्रकार ध्यानात येतो. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरास पहिला कारखाना काढला, तेव्हापासून हे कौल पश्चिम किनाऱ्यावरून सर्वत्र पसरले. त्याचे वजन दोन-तीन किलो. सहसा त्याला खिळा नसतो. पाठीमागच्या खुंटीने ते रिपेवर अडकते आणि त्याची खालची कड पुढच्या कौलावर बसते. म्हणजे त्याला आधार दोन्ही टोकांना, मध्ये पोकळी. पाय मध्ये पडला की चीर जाते, आणि ऑक्टोबरात पाऊस संपलेला असल्यामुळे ती आठ महिने कोणाला कळत नाही. फळीत ठोकलेल्या खिळ्याचेही तेच. पागोळीचे पाणी त्याच्या भोकातून आत झिरपते आणि लाकूड आतून कुजत राहते.

हे एवढे विस्ताराने सांगण्याचे कारण आहे. आपल्यापैकी कित्येकांची वडिलोपार्जित घरे गेल्या काही वर्षांत पाडली गेली. घर पाडावयाचे ठरते तेव्हा भाऊबंदांच्या बैठकीत पहिले वाक्य येते ते ‘छप्पर गळते’ हे. त्यामागे इतर कारणे असतात, हे मला ठाऊक आहे. पण निदान ते वाक्य आपल्या हाताने तयार करून देऊ नये.

मग माळा लावूच नयेत काय? अवश्य लावाव्यात, पण त्यांचा भार कौलावर किंवा फळीवर पडता कामा नये. सुताराकडून वाशांच्या पुढे आलेल्या टोकांना खालच्या बाजूने एकदाच पितळी आकडे बसवून घ्यावेत. तेथे पागोळीचे पाणी पोचत नाही, आणि दरवर्षी नवे भोक पडत नाही. आकड्यांतून आधी नायलॉनची दोरी ताणावी आणि माळ त्या दोरीला सैलसर बांधावी. तारेलाच ताण दिला तर ती आतल्या आत तुटते. तारेवर ठोकपिना मारू नयेत, पत्र्याच्या पन्हळीच्या धारेवरून ती नेऊ नये. शिडी भिंतीला टेकवावी, आणि चार फूट उंचीमागे पायथा एक फूट दूर ठेवावा. खाली धरावयास माणूस हवाच. आमच्या अरुंद गल्ल्यांतून वीजमंडळाच्या तारा वळचणीला अगदी लगटून जातात. त्या बाजूस माळ न्यावयाची नाही, हे मनाशी पक्के असावे.

विजेबद्दल थोडे. जुन्या माळांतील बारीक दिवे एकामागून एक जोडलेले असत, आणि २३० व्होल्टचा दाब त्या सर्वांत वाटला जाई. एक दिवा गेला म्हणून तो काढून तारा पिळून जोडल्या, की उरलेल्यांवर दाब वाढे आणि ते अधिक तापत. अशी माळ घरात असेल तर ती फेकून द्यावी. आपली घरे लाकडाची आहेत. एलईडीची माळ घ्यावी, पण बाहेरची म्हणून विकली जाणारी, ‘आयपी ४४’ किंवा त्याहून वरचा आकडा असलेली. जोड उघड्यावर ठेवू नये. तार खिडकीतून आत घेताना तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे दव किंवा अवकाळी पावसाचे पाणी तेथूनच गळून पडते. खिडकीच्या फळीत मात्र ती चेपू देऊ नये. घरात ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारे बटण नसेल, तर माळेआधी ते बसवावे.

आणि तुळशीचे लग्न झाले की माळ उतरवावी. काहीजण ती वर्षभर तशीच ठेवतात. ऊन तारेचे आवरण कडक करते, उरलेले काम खारी करतात.

आमच्या लहानपणी आकाशदिवा गच्चीच्या कठड्याला बांधलेल्या उंच बांबूवर चढे. टोकाला कप्पी, तीतून दोरी. तेल घालावयास दिवा खाली यावा, पुन्हा वर जावा. कौलाला कोणाचा हात लागत नसे. यंदा मी तसाच बांबू आणला आहे आणि विजेचा कंदील त्याच दोरीने चढवणार आहे. तंबोरा मिरजेहून दुरुस्त होऊन आला. खर्ज अजून पूर्वीसारखा बोलत नाही.