पगार नव्हे, शिल्लक पाहावी

रायपूरच्या शंकर नगरासारख्या वसाहतीत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांपुढे, मुले नोकरीस लागताच एक प्रश्न उभा राहतो : येथेच राहावे, की पुण्या-मुंबईस जावे? निर्णय बहुधा पगाराच्या आकड्यावर होतो आणि तेथेच गफलत होते.

आयकर देशभर एकच. मात्र मुद्रांक शुल्क राज्यागणिक आणि मालमत्ता कर शहरागणिक बदलतो. महाराष्ट्रातील व्यवसाय कर वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये. खरी तफावत पडते ती घराच्या किमतीत. साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतलेल्या ४० लाखांच्या कर्जाचा मासिक हप्ता सुमारे ३४,७०० रुपये होतो. २० लाखांचा त्याच्या निम्मा. म्हणजे घर दुप्पट महाग असेल, तर दरमहा १७,००० रुपयांची पगारवाढ एकट्या हप्त्यातच जिरते.

केंद्र सरकारच्या २०१८ च्या राहणीमान सुलभता निर्देशांकात १११ शहरांपैकी पुणे पहिले, मुंबई तिसरी, तर रायपूर सातवे होते. असे क्रमांक शहराची ओळख करून देतात. घरखर्चाचा हिशेब मात्र ज्याचा त्यानेच मांडावयाचा असतो. त्या हिशेबात आई-वडिलांच्या सहवासाला रकाना नसतो. तरीही तो जमेच्या बाजूसच धरावयास हवा.