शुक्रतारा आणि टेक्स्टाइल

"गाण्यानं पोट भरतं का रे?" आमच्या देऊळगाव राजात पोरगं गायला लागलं, की हा प्रश्न ठरलेला. बालाजीच्या यात्रेत पाठ थोपटणारेच नंतर म्हणतात, "आधी डिग्री घे, मग काय ते गा!" होस्टेलवरही तेच.

मित्रहो, अशा वेळी मला अरुण दाते आठवतात. जन्म १९३४ चा, इंदूरचा. वडील रामूभैया दाते म्हणजे गाण्याचे नामांकित रसिक. मुलगा मात्र मुंबईला टेक्स्टाइल इंजिनिअरिंग शिकला, म्हणजे आपल्यातलाच! १९५५ पासून आकाशवाणीवर गाणं सुरू झालं. पुढे पाडगावकरांचे शब्द, खळ्यांची चाल आणि सुधा मल्होत्रांची साथ मिळून 'शुक्रतारा' आलं नि घराघरात पोहोचलं. तरी त्यांनी लगेच नोकरी सोडली नाही. कित्येक वर्षं दोन्ही सांभाळलं, मग पूर्णवेळ गायक झाले. 'शुक्रतारा' कार्यक्रमाचे अडीच हजारांवर प्रयोग केले. २०१८ मध्ये ते गेले.

मला वाटतं, पगार हा गाण्याचा वैरी नाही. घर पगारावर चाललं, की पोटासाठी वाट्टेल ते गावं लागत नाही. चांगल्या शब्दांसाठी थांबता येतं. पण त्यासाठी गळा आत्तापासून जिवंत ठेवायला हवा. आपल्याकडे गॅदरिंगच्या आठ दिवस आधी गायक शोधतात, नंतर वर्षभर हार्मोनियम कपाटात!

वॉर्डन सर, आठवड्यातून एक रात्र, जेवणानंतर तासभर, ते कपाट उघडाल का? सबमिशनं आम्ही वेळेत देऊ, शब्द आमचा!