यीस्टच्या पेशीतला निरोप्या

पाव फुगवणारे यीस्ट म्हणजे एकाच पेशीचा इवलासा जीव. पण या पेशीत सुमारे सहा हजार जनुके असतात. त्यांचा पूर्ण आराखडा १९९६ साली जाहीर झाला. ही सारी जनुके एकदम कामाला लागली तर पेशीचे दिवाळेच निघायचे! म्हणून कोणते जनुक केव्हा चालू करायचे, हे काही प्रथिने मिळून ठरवतात.

गॅलॅक्टोज या साखरेचेच पाहा. दुधातल्या साखरेचा निम्मा भाग हिचा. ही पचवण्यासाठी लागणारी जनुके यीस्ट एरवी बंद ठेवते. 'गॅल-४' हे प्रथिन त्या जनुकांच्या दाराशी बसलेले असते खरे, पण 'गॅल-८०' हे दुसरे प्रथिन त्याला धरून ठेवते. गॅलॅक्टोज पेशीत शिरली, की तिसरे प्रथिन, 'गॅल-३', तिला ओळखते आणि गॅल-८०ची पकड सोडवते. मग जनुकांचे काम शेकडो पटींनी वाढते. मात्र ग्लुकोज हाताशी असेल, तर यीस्ट गॅलॅक्टोजकडे ढुंकूनही पाहत नाही. घरात ताट वाढलेले असताना चूल पुन्हा कोण पेटवील?

गंमत अशी, की गॅल-४ स्वतः जनुक वाचत नाही. जनुकाची नक्कल उतरवणारे यंत्र वेगळे असते. या दोघांत निरोप पोहोचवणारा मध्यस्थ अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे रॉजर कोर्नबर्ग यांना यीस्टमध्येच सापडला. 'मीडिएटर' हे त्याचे नाव. पंचवीस प्रथिनांचा हा जुडगा आहे. जनुकाची नक्कल कशी उतरते, यावरील संशोधनासाठी कोर्नबर्ग यांना २००६चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांचे वडील आर्थर यांनाही १९५९मध्ये नोबेल मिळाले होते.

हाच मध्यस्थ माणसातही आहे. यीस्टची आणि आपली वाट फुटून शंभर कोटींहून अधिक वर्षे झाली, तरी ही व्यवस्था टिकून राहिली. यीस्टचे गॅल-४ माणसाच्या पेशीतही जनुक चालू करू शकते, हे १९८८ मध्ये दिसून आले.

याचा संबंध थेट घराघरातल्या एका दुखण्याशी येतो. गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठी बहुधा कर्करोगाच्या नसतात. पण अतिरक्तस्राव आणि त्यातून येणारा पंडुरोग स्त्रियांना जेरीस आणतो. अनेकींवर गर्भाशय काढण्याची पाळी येते. फिनलंडमधील संशोधकांनी २०११ साली अशा २२५ गाठी तपासल्या. सुमारे सत्तर टक्के गाठींत मीडिएटरमधल्या 'मेड-१२' या एकाच प्रथिनाच्या जनुकात बिघाड निघाला. याच प्रथिनाचे भावंड यीस्टमध्ये असून, ग्लुकोज असताना इतर साखरांची जनुके बंद ठेवण्यात त्याचा हात असतो. गाठीत मात्र मेड-१२ आपल्या जोडीदार प्रथिनांना नीट कामाला लावू शकत नाही.

हा बिघाड त्या गाठीपुरताच असतो, आईकडून लेकीकडे जाणारा नव्हे. एकाच स्त्रीच्या दोन गाठींतले बिघाडही पुष्कळदा निरनिराळे असतात.